ठवकर उस्तादांची पापणी

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये 'दयाराम ठवकर कुठं राहतात' असं विचाराल तर लोक जरा डोकं खाजवतील. 'पापणी न लवणारे उस्ताद' म्हणा, पानठेल्यावाला उठून दारापर्यंत आणून सोडेल. आईबापानं ठेवलेलं नाव रेशन कार्डावर राहतं, प्लांटात पडलेलं नाव जन्मभर पुरतं. हे नाव ठवकरांना भट्टीनं दिलं, आणि त्याचा त्यांना एवढा अभिमान की एका वर्षी तोच अभिमान त्यांच्या पेन्शनीला आडवा आला. चांगला वर्षभर आडवा आला. आता अशा माणसाला हट्टी म्हणायचं की मानी, ते तुम्हीच ठरवा; त्यांच्या घरच्या प्रेमलाबाई तर दोन्ही म्हणतात, आणि तेही आणखी एक शब्द जोडून.

ठवकर मूळचे भंडाऱ्याकडचे, तुमसरजवळच्या खेड्यातले. मिसरूड फुटत होतं तेव्हा काकाच्या ओळखीनं भिलाईला आले आणि पोलाद वितळवायच्या भट्टीवर हेल्पर म्हणून लागले. तिथं त्यांना एक म्हातारा उस्ताद भेटला. त्यानं पहिल्याच दिवशी निळ्या काचेची चौकट त्यांच्या हातात दिली आणि बजावलं, की भट्टीकडे उघड्या डोळ्यानं पाहणारा स्वतः आंधळा होतो, आणि काचेतून पाहताना पापणी लववणारा दुसऱ्याचा जीव घेतो. पोरगं घाबरलं, पण शिकलं.

शिकायचं ते असं. भट्टीचं तोंड फोडलं की पोलादाची धार खालच्या लेडलमध्ये पडायची. लेडल म्हणजे बादलीच, फक्त घराएवढी. आधी पोलाद यायचं, त्याच्या मागून मळी, म्हणजे वितळलेला गाळ; ती लेडलमध्ये जाऊ द्यायची नाही. मळी आली हे धारेच्या रंगावरूनच ओळखायचं, आणि तो रंग असा बदलतो की पाहणाऱ्याचं पातं लवलं तर तेवढ्यात चुकतो. म्हणून धार चालू आहे तोवर डोळा हलवायचा नाही. लेडल भरून क्रेननं वर उचलली, की हेल्परनं हाक द्यायची: 'लेडल उठ गई, उस्ताद!' ती हाक आली की काच खाली, डोळे गच्च मिटायचे, मग हवी तेवढी उघडझाप करायची. डॉक्टर लोक म्हणतील, इतका वेळ पापणी न लववणं माणसाला शक्य नाही. म्हणू देत बापडे. ठवकरांच्या पाळीत मळी कधी लेडलमध्ये गेली नाही, एवढं अख्खं शॉप, म्हणजे भट्टीचं सगळं खातं, सांगेल.

पुढं ते स्वतः उस्ताद झाले, आणि हाक द्यायला त्यांच्या हाताखाली आला कुम्हारीचा तेजराम साहू. हा तेजराम अंगानं बारका, आवाजानं मात्र दणदणीत. भट्टीच्या त्या गडगडाटात क्रेनचा भोंगा ऐकू येत नसे, पण तेजरामची हाक यायची. ठवकर मराठीत बोलायचे, तो छत्तीसगढीत, आणि रागवायचं असलं की दोघंही हिंदीत. इतकी वर्षं जोडी राहिली की लग्नाकार्यात लोक दोघांना एकच पत्रिका द्यायचे आणि दोघंही चालवून घ्यायचे.

भिलाईत रेल्वेचे रूळ होतात, हे काही मी सांगायला नको. ठवकर कधीही गाडीनं गावी जायला निघाले की प्लॅटफॉर्मवरून खाली वाकून रुळाकडे पाहायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, "आपल्याच हातचं आहे." प्रेमलाबाई लाजून दुसरीकडे पाहायच्या. पण मनातून त्यांनाही ते आवडायचं, हे त्यांनी फार उशिरा कबूल केलं.

रिटायर झाले तेव्हा दोस्तांनी गुलाल उधळत, ढोल वाजवत घरापर्यंत आणलं. पेन्शन सुरू झाली. पेन्शन कसली, वाण्याचं आणि दूधवाल्याचं भागलं की हात झटकायचे. पण ठवकरांच्या लेखी ती रक्कम नव्हतीच. ती भट्टीची ओळख होती. माणूस गेटबाहेर पडला तरी भट्टी त्याला विसरली नाही, महिन्याच्या महिन्याला आठवण काढते, असं ते म्हणायचे.

आणि त्या आठवणीचा एक रिवाज त्यांनीच पाडला होता. पेन्शन जमा झाली की त्या भट्टीचे जुने गडी बाजारातल्या लिंबाखालच्या टपरीवर जमायचे आणि पाळीपाळीनं एकेकानं सगळ्यांना चहा पाजायचा. नियम एकच: पेन्शनीचा चहा पेन्शनीच्याच पैशाचा. एकदा त्यांच्यातल्याच पुंडलिकच्या पोरानं बापाच्या पाळीला मोबाईलनं परस्पर पैसे भरले, तर ठवकरांनी टपरीवाल्याला ते परत करायला लावले. पोराची कमाई पोराच्या घरी गोड, इथं नाही. सगळे हसले, पण नियम सगळ्यांनी पाळला. कारण सेक्टर दोनची गत अशी झालेली, की अर्ध्या क्वार्टरात म्हातारा-म्हातारी दोघंच, काहींत तर एकच. पोरं पुण्याला, बंगलोरला. पोरं पैसे पाठवतात, चांगली आहेत, कोणी काही वाईट म्हणत नाही. पण महिन्यातून एक चहा तरी असा असावा की तो पिताना कोणाचे उपकार आठवू नयेत.

इथवर सगळं ठीक होतं. मग आली ती नोव्हेंबरातली हजेरी.

पेन्शनवाल्यानं दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं. आधी ते कागदावर व्हायचं, मग अंगठ्यावर आलं. त्या वर्षी ठवकर अंगठा द्यायला गेले आणि मशीन काही घेईना. उजवा झाला, डावा झाला, सगळी बोटं झाली. भट्टीजवळ जन्म गेलेला हात, त्यावर रेघा उरणार कुठून? काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. सहज हसत म्हणाला, की बाबूजी, तुमचा अंगठा तर पुसूनच गेला. मागच्या रांगेतले दोघं-चौघं हसले.

झालं! ठवकरांचं डोकं फिरलं. त्यांनी हात टेबलावर आपटला आणि म्हणाले, या हातानं निघालेल्या लोखंडावरून तुझी गाडी धावते, आणि मशीनले हात ओळखू येत नाही म्हणते काय? तो बिचारा सांगत होता की दुसरी सोय आहे, उद्या या. पण ऐकतं कोण? ठवकर जे निघाले ते घरी येऊन प्रेमलाबाईंना म्हणाले, "मी जित्ता आहो का मेलो, हे ज्याले पाहाचं असन त्यानं माह्या दारात यावं. मी नाही जात."

कोणी दारात आलं नाही. नवीन साल लागलं आणि पेन्शन थांबली. आनंदनं, म्हणजे ठवकरांच्या मुलानं, पुण्याहून फोन केला. म्हणाला, बाबा, सोडा ती कटकट, तेवढे तर मी पाठवतो. आणि पाठवायला लागलाही. मुलगा सोन्यासारखा, त्याच्या मनात काही नव्हतं. पण ठवकरांना ते फार लागलं. घरात जेवणात काही फरक पडला नव्हता, फक्त वाण्याकडे जाताना त्यांची मान पूर्वीसारखी ताठ राहत नव्हती. कोणाला सांगायची मात्र सोय नाही, कारण गाठ त्यांनीच मारलेली.

आणि टपरीवर जाणं बंद झालं. खिशात पैसे होते, पण पेन्शनीचे नव्हते. नियम ज्यानं केला त्यानंच तो मोडायचा? बोलावायला आले त्यांना कधी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, कधी पोट बिघडलं म्हणून. हळूहळू बोलावणंही थांबलं. प्रेमलाबाईंनी एकदा विचारून पाहिलं, एवढं कावून तोडून राहिले स्वतःले? त्यावर ठवकरांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणून त्या म्हणतात, मानी, हट्टी आणि वर बहिरे.

असंच वर्ष सरत आलं. दिवाळी झाली, आणि एके दिवशी पुंडलिक घरी आला. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलला. मग चहाचा कप खाली ठेवून त्यानं खरी गोष्ट काढली. तेजरामचं डोकं हल्ली साथ देत नव्हतं. घरचा रस्ता चुकायचा, नातवाला भावाच्या नावानं हाक मारायचा. भीमाबाई, म्हणजे त्याची बायको, भिलाई-तीन वस्तीतल्या घरून पेन्शनीच्या दिवशी त्याला टपरीवर आणून बसवायच्या, कारण तेवढ्यापुरता तो खुलायचा. आधी तो दर वेळी ठवकरांना शोधायचा. कोणीतरी सांगितलं, की त्यांची पेन्शन बंद झाली. ते त्याच्या डोक्यात असं काही बसलं, की त्यानं दुसराच हिशेब लावला. भट्टीवाल्याची पेन्शन कधी बंद होते? तर तो गेल्यावर. मागच्या महिन्यात तेजरामनं चहाचा पहिला घोट जमिनीवर सोडला आणि हात जोडले. म्हणाला, ठवकर उस्ताद के नाव के. सगळ्यांनी समजावलं, पण त्याला पटेना.

पुंडलिक गेल्यावरही ठवकर खुर्चीतच बसून राहिले. मशीननं मेला म्हटलं तर राग आला होता. तेजरामनं मेला म्हटलं तर छातीत कळ आली. प्रेमलाबाईंनी कप उचलले आणि जाता जाता म्हणाल्या, "मशीनले नका दाखवू. पण तेजरामभाऊले तरी दाखवाल का नाही, का जित्ते आहो म्हणून?"

त्याच आठवड्यात सेक्टर दोनमध्ये पेन्शनवाल्यांचं शिबिर होतं. ठवकरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, दाढी केली. पुंडलिकला निरोप पाठवला की भीमाबाईला सांग, तेजरामला तिथंच आण. पाहतोच मी त्याच्याकडे, म्हणाले.

हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, काठ्या भिंतीला टेकवलेल्या, जो तो दुसऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करत होता. तेजराम खिडकीशी बसला होता. ठवकर ताठ चालत त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यानं वर पाहिलं, नम्रपणे हसला, आणि अनोळखी माणसाला करतात तसा नमस्कार केला. भीमाबाई कानाशी सांगू लागल्या, अहो, उस्ताद आहेत. तर तेजराम त्यांनाच समजावू लागला, की उस्ताद तर गेले, तुला ठाऊक नाही काय? ठवकरांना वाटलं होतं, तोंड पाहिलं की ओळखेल. कोणी मुस्काटात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. ते आपल्या रांगेत जाऊन बसले.

नंबर आला. टेबलाशी मिताली नावाची बाई होती, चाळिशीची, शांत. तिनं सांगितलं, बाबूजी, अंगठा नको. आता चेहऱ्यावर होतं. या दिव्यासमोर बसा, मोबाईलकडे बघा, आणि सांगितलं की डोळे मिचकवा. मशीनला कळतं की हा फोटो नाही, जिवंत माणूस आहे. ठवकर मनात म्हणाले, हे तर सोपं झालं. आणि खुर्चीत बसले.

मोबाईलभोवतीचा गोल दिवा लागला. पांढरा, लखलखीत, थेट डोळ्यात. आणि ठवकरांची नजर जी रोखली गेली ती रोखलीच गेली.

"पलक झपकाइए, बाबूजी," बाई म्हणाली. पापणी हलेना. पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच. घरी बसलं की हाच माणूस चारचौघांसारखा उघडझाप करतो. पण समोर झगझगीत उजेड आणि त्याच्याकडे पाहायचं काम, म्हटल्यावर डोळ्यांना एकच गोष्ट ठाऊक. मोतीबिंदूच्या डॉक्टरलाही त्यांनी असंच घामाघूम केलं होतं. नात उर्वी व्हिडिओ कॉलवर आजोबांशी पापणी न लववायची पैज लावते आणि दर वेळी हरते. तेव्हा ठवकर केवढे फुशारतात! आता तीच फुशारकी नडली. मुद्दाम मिटायला गेले तर डोळे असे गच्च मिटले की मशीननं चेहराच नाकारला. उघडले की पुन्हा टक्क. बाईनं दिवा मंद केला, खुर्ची मागं घेतली, काही उपयोग नाही. तिनं हळू आवाजात सांगितलं, की काळजी करू नका, रायपूरच्या ऑफिसात जाऊन दुसऱ्या रीतीनं होईल. या वेळी कोणीही हसलं नाही, आणि तेच ठवकरांना जास्त बोचलं. बाईला म्हणाले, एकदा आणखी पाहू. आवाज पार खाली गेला होता.

दिवा पुन्हा लागला. ठवकर ताठ बसले, आणि नकळत त्यांचा डावा हात कपाळाशी गेला. काचेची चौकट धरावी तसा. मान किंचित कललेली, जबडा आवळलेला, चेहऱ्यावर सगळा उजेड. मिताली म्हणाली, हात खाली घ्या. त्यांना ते ऐकूच आलं नाही.

खिडकीशी तेजराम उठून उभा राहिला होता.

भीमाबाईंनी त्याचा हात धरला, त्यानं तो सोडवून घेतला. तो त्या उजेडातल्या चेहऱ्याकडे पाहत होता. मघाच्या इस्त्रीच्या शर्टातल्या म्हाताऱ्याला त्यानं ओळखलं नव्हतं. पण उजेडात असा ताठ पाहणारा हा माणूस तर त्यानं जन्मभर पाहिला होता. त्यानं छाती भरून घेतली आणि दोन्ही हात तोंडाशी नेले.

"लेडल उठ गई, उस्ताद!"

बारक्या म्हाताऱ्याच्या त्या आवाजानं हॉल दणाणला. एका आजीच्या हातची पिशवी खाली पडली. आणि ठवकरांचा हात खाली आला, डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मोबाईल टिंगकन वाजला. मितालीनं पडद्याकडे पाहिलं, मग ठवकरांकडे, आणि म्हणाली, "हो गया, बाबूजी."

पण ठवकर मशीनकडे पाहतच नव्हते. ते खुर्चीतून उठून खिडकीकडे निघाले होते, आणि तेजराम तिकडून येत होता, वाटेतल्या खुर्च्या ढकलत. दोघं मधेच भेटले. तेजरामनं त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला, दाबून पाहिला, आणि चक्क रागावला. हिंदीत. म्हणाला, इतनी देर? कब से हाक दे रहा हूँ मैं. अख्ख्या शॉपवर हुकूम चालवलेला माणूस, कान धरून उभा राहिला आणि म्हणाला, चुकलं बाबा, चुकलं.

हॉलमधल्या भट्टीवाल्यांना काय झालं ते कळलं. इतरांना पुंडलिकनं समजावून सांगितलं, आणि सांगताना त्याची छाती अशी फुगली होती की जणू धार त्यानंच पाहिली होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. कोक ओव्हनवाले होते, रेल मिलवाले होते, ऑफिसातले बाबू होते. पण त्या दिवशी त्या हॉलमध्ये प्रत्येकाला आपापली भट्टी आठवली, हे मी छातीठोक सांगतो. मितालीनंही टाळी वाजवली आणि पुढचा नंबर पुकारायला विसरली.

तेजरामचं काम एका झटक्यात झालं. त्याचा अंगठाही चालला आणि डोळाही. हेल्पर होता ना, पापणीचा नियम त्याला नव्हता.

मग सगळे टपरीवर गेले. लिंबाखाली बाकावर बसले, आणि तिथं ठवकर अडले. टपरीवाल्यानं कप मांडायला घेतले तसे म्हणाले, माझा नको. पेन्शन सुरू व्हायला अजून दिवस आहेत. खिशात आहेत ते आनंदचे पैसे, आणि नियम म्हणजे नियम. पुंडलिकनं कपाळाला हात लावला. इतकं सगळं होऊनही या माणसाचं शेपूट वाकडं ते वाकडंच!

तेव्हा तेजराम बंडीचा खिसा चाचपायला लागला. भीमाबाई त्याच्या पेन्शनीतली एक नोट घडी घालून तिथं ठेवायच्या, तो कुठं हरवला तर असावी म्हणून. ती नोट त्यानं काढली, मांडीवर ठेवून सरळ केली आणि टपरीवाल्यासमोर धरली.

"मोर पारी," तो म्हणाला. माझी पाळी.

पाळी खरं तर पुंडलिकची होती, पण पुंडलिकनं तोंड उघडलं नाही. ठवकरांनी कप उचलून पहिला घोट घेतला. आणि त्यांच्या डोळ्यांची जी उघडझाप सुरू झाली ती काही थांबेना. शर्टाच्या बाहीनं पुसलं, तरी थांबेना.

पुंडलिकनं चिडवलं, "काय उस्ताद, आज पापणी लय लवून राहिली?"

"लेडल उठली न भाऊ," ठवकर म्हणाले. "आता लवू दे."